जमीन हलते आहे, असे मी म्हणते

'गाडी लागते' म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. घाटात एस.टी. वळणे घेऊ लागली की कुणी पिशवीतून लिंबू काढते, कुणी आवळासुपारी पुढे करते, कुणी खिडकीजवळची जागा सोडते. कोकणात बोटीने जा-ये करणाऱ्या जुन्या बायका 'बोट लागली' असे म्हणत. पण गाडी लागते ती गाडीत आणि बोट लागते ती बोटीत. पाय जमिनीला टेकले, घोटभर पाणी प्यायले, की सुटका. उतरल्यानंतर लागणाऱ्या बोटीला मात्र आपल्या भाषेत शब्द नाही. आणि ज्या दुखण्याला शब्द नाही ते घेऊन बाई दवाखान्यात गेली की काय होते, ते मी गेले दीड वर्ष अनुभवते आहे. बाईचे म्हणणे पुरावा म्हणून कधी धरले जाते आणि कधी धरले जात नाही, हा आपल्या चळवळीचा जुनाच प्रश्न मला या आजारपणात नव्याने भेटला. म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही चार मैत्रिणी अंदमानला गेलो होतो. चेन्नईहून बोटीने, जाताना सुमारे तीन दिवस आणि येतानाही तेवढेच. येताना समुद्र खवळलेला होता. तिघी बंकवर आडव्या झाल्या होत्या, मी मात्र ठणठणीत. त्यांना लिमलेटच्या गोळ्या पुरवत मी डेकवर हिंडत होते. चेन्नईला उतरलो तेव्हा चौघींनाही बंदराची जमीन डुलल्यासारखी वाटली. आम्ही एकमेकींचे हात धरून हसलो. बोटीतून उतरलेल्या कुणालाही असे काही तास, फार तर एक-दोन दिवस वाटू शकते. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या गाडीत बसलो तेव्हा माझेही डुलणे पार थांबले होते. मी ते विसरूनही गेले. दादरला फलाटावर पाय ठेवला आणि फलाट खालून उचलला गेला, पुन्हा खाली बसला, पुन्हा उचलला गेला.

तेव्हापासून तो थांबलेला नाही.

ही चक्कर नव्हे. चक्कर येते तेव्हा भोवतालचे जग गरगर फिरते. माझ्याभोवती काहीच फिरत नाही. भिंती जागच्या जागी असतात. डुलते ते माझ्या पायाखालचे आणि माझ्या आतले. ओट्याशी उभी राहून भाजी चिरताना वाटते, स्वयंपाकघर पाण्यावर तरंगते आहे. अंथरुणावर पडले की गादीखालून लाट जाते. मोठ्या दुकानात सामानाच्या उंच रांगांमधून चालताना, चौकटी-चौकटींच्या फरशीवर, ट्यूबलाइटच्या झगझगीत उजेडात ते दुप्पट होते. डोक्यात धुके साचल्यासारखे वाटते. साधा हिशेब जुळत नाही, बोलता बोलता शब्द सापडत नाही. आणि बघणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. मी सरळ चालते, सरळ बोलते. म्हणजे माझ्या शब्दापलीकडे माझ्या आजाराला साक्षीदारच नाही.

माझे वय सत्तेचाळीस. नेहमीच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "पाळी कशी आहे?" दहा वर्षांपूर्वी गेले असते तर "दिवस गेलेत का?" असे विचारले असते. बाईला भोवळ आली की सिनेमापासून सासरपर्यंत सगळ्यांना एवढी दोनच कारणे सुचतात. तिसरे कारण 'रक्त कमी आहे' हे. ते खोटे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के आणि महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. तेव्हा रक्त तपासले हे योग्यच झाले. ते ठीक निघाले, तरीही लोहाच्या गोळ्या मिळाल्या. मग कान-नाक-घशाचे डॉक्टर, कानाच्या सगळ्या तपासण्या, नॉर्मल. मग मेंदूचा एम.आर.आय., नॉर्मल. प्रत्येक नॉर्मल रिपोर्टबरोबर माझी पत घसरत गेली. शेवटच्या मोठ्या डॉक्टरांनी फाईल मिटली आणि माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला सांगितले, "काही नाहीये त्यांना. या वयात होतं असं. टेन्शन घेऊ देऊ नका. जरा फिरवून आणा कुठेतरी."

फिरूनच तर आले होते!

घरी आईने विचारले, "दर्या ओलांडून आलीस, समुद्राला नारळ वाहिला होतास का?" तेव्हा मी तिच्यावर चिडले. आता वाटते, एवढ्या सगळ्या शिकलेल्या माणसांत समुद्राचे नाव काढले ते तिने एकटीने. बाकीच्यांनी माझे गर्भाशय, माझे वय, माझा स्वभाव, माझा संसार, सगळे तपासले. आजार सुरू होण्याआधी मी कुठे होते, हे कुणी विचारले नाही. मी सांगितले तर लिहून घेतले नाही.

आठ महिन्यांनी मान आखडली म्हणून एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. पोरगेलीशी मुलगी. मानेचे व्यायाम दाखवता दाखवता तिने सगळी हकीकत ऐकली आणि विचारले, "मावशी, रिक्षात किंवा बसमध्ये बसल्यावर कसं वाटतं?"

मी म्हटले, "तेवढा वेळ बरं वाटतं. थांबतं सगळं."

हे उत्तर देताना मला रडू फुटले. कारण ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. गाडीत बसल्यावर बरे वाटते आणि घरी आल्यावर त्रास होतो, असे म्हटले असते तर लोकांनी त्याचा काय अर्थ काढला असता हे मला माहीत होते. घरात काहीतरी बिनसले आहे, बाईला घर नको झाले आहे. आणि नेमकी हीच या आजाराची सगळ्यात मोठी खूण निघाली.

या आजाराचे नाव फ्रेंच आहे, 'माल द देबार्कमाँ'. अर्थ अगदी साधा आहे, 'उतरल्यावरचे दुखणे'. बोटीतून उतरलेल्यांना जमीन हेलकावते असे वाटते, हे चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले होते. खलाशांना तर ते त्याही आधीपासून ठाऊक असणार. पण काहींचे हे डुलणे महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे थांबत नाही आणि तो एक वेगळा आजार आहे, अशी वैद्यकाच्या नियतकालिकात नीट नोंद झाली १९८७ साली. बहुतेकांना तो समुद्रप्रवासानंतर होतो. विमान, आगगाडी, मोटारीचा लांबचा प्रवास यांनंतरही होऊ शकतो. तोल आणि चक्कर यांविषयी काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या 'बरानी सोसायटी' या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० साली त्याचे निकष प्रसिद्ध केले. प्रवास संपल्यापासून ४८ तासांच्या आत डुलणे सुरू व्हावे, ते ४८ तासांहून अधिक टिकावे, वाहनात बसल्यावर तात्पुरते कमी व्हावे आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने त्याचा उलगडा होऊ नये. एका महिन्यापलीकडे गेले की ते चिवट समजायचे. पाहा, यात रक्ताचा आकडा नाही, फोटोतला डाग नाही. सगळे निदान रोगी काय सांगतो यावर उभे आहे.

हे होते कसे, याचा आज मान्य असलेला ढोबळ खुलासा असा. बोट हलत असते तेव्हा मेंदू त्या हलण्याची लय शिकतो, ती आधीच हिशेबात धरू लागतो आणि म्हणून दोन दिवसांनी आपण बोटीवर न अडखळता चालू लागतो. जमिनीवर आल्यावर ही शिकवणी विसरायची असते. बहुतेकांचा मेंदू ती विसरतो. काहींचा विसरत नाही. समुद्र मागे राहतो आणि मेंदू मात्र त्याच लयीत चालत राहतो, साधारण पाच सेकंदांना एक हेलकावा. गाडी खरोखर हलू लागली की आतली आणि बाहेरची हालचाल जमते, म्हणून गाडीत बरे वाटते. कानात दोष नसतो, म्हणून कानाच्या तपासण्या नॉर्मल येतात. मेंदूच्या रचनेत बिघाड नसतो, म्हणून एम.आर.आय. नॉर्मल येतो. आजार नाही म्हणून नव्हे, तर जिथे आजार नाही तिथेच शोधले म्हणून.

आता आपल्या कामाची गोष्ट. १९९९ साली अमेरिकेत या आजाराच्या २७ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या २६ बायका होत्या, सरासरी वय ४९. नंतरच्या पाहण्यांत पुरुषांचे प्रमाण काहीसे वाढलेले दिसले, तरी बायका बऱ्याच जास्त हे कायम राहिले. याचे पक्के उत्तर अजून नाही. संप्रेरकांच्या चढउतारांचा संबंध शोधला जातो आहे. पाळीच्या दिवसांत त्रास वाढतो असे अनेकजणी सांगतात. अर्धशिशीशीही काही नाते दिसते. म्हणजे 'पाळी कशी आहे?' हा माझ्या डॉक्टरांचा प्रश्न मुळात चुकीचा नव्हता. चूक एवढीच की त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आणि चौकशी तिथेच संपली. पाळी हा शोधाचा पहिला दरवाजा असायला हवा होता, तो कुलूप झाला.

असे का होते? एक कारण जुने आहे. 'हिस्टेरिया' हा शब्दच मुळी गर्भाशय या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. ज्या तक्रारीचा उलगडा होत नाही ती बाईच्या गर्भाशयात किंवा बाईच्या मनात ढकलायची, ही वैद्यकाची शतकानुशतकांची सवय. अमेरिकेच्या मनोविकारांच्या अधिकृत यादीतून हिस्टेरिया हे नाव गेले ते १९८० साली. नाव गेले, सवय राहिली. दुसरे कारण संशोधनाचे. त्याच अमेरिकेत औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून मूल होण्याच्या वयाच्या बायकांना वगळावे असे सरकारी मार्गदर्शन १९७७ साली निघाले आणि १९९३ मध्ये मागे घेतले गेले. सोळा वर्षे त्या चाचण्यांमधले 'माणसाचे शरीर' हे बहुतकरून पुरुषाचे शरीर होते. मग बायकांना जास्त होणारा, जीव न घेणारा, फोटोत न दिसणारा आजार कुणाच्या प्राधान्याचा असणार?

आपल्या घरचेही बघू. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ती प्रसिद्ध झाली. ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग निघाला आणि त्याआधी कधीतरी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. विचारलेच नाही, म्हणून दिसलेच नाही. तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी सरकारी समितीने केली तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. कंबर दुखते, अंगावरून जाते, थकवा येतो, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या अनेकींना 'पिशवी काढून टाका' हेच उत्तर मिळाले होते. माझ्या डुलण्याची त्या बायकांच्या हालांशी तुलना होऊ शकत नाही. पण दवाखान्याचा निवाडा देण्याचा ढंग एकच आहे. बाई तक्रार घेऊन गेली की निकाल दोनच, दोष डोक्यात नाहीतर दोष पिशवीत. ती काय म्हणते, ते दोन्हीकडे कुणी पुरते ऐकलेले नसते.

इथे मला मथुराची आठवण होते. खटल्यातल्या त्या आदिवासी मुलीच्या अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, म्हणून तिने प्रतिकार केला नाही, म्हणून बलात्कार झालाच नाही, असे देशातल्या सर्वात वरच्या न्यायालयाने म्हटले होते. त्याविरुद्ध चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ साली खुले पत्र लिहिले, आपण रस्त्यावर उतरलो आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि 'माझी संमती नव्हती' असे बाई म्हणाली, तर संमती नव्हती असे न्यायालयाने धरून चालावे, हे तत्त्व आले. दोन्ही गोष्टींची बरोबरी मला करायची नाही. तिथे गुन्हा होता आणि गुन्हेगार होते. माझ्या डॉक्टरांनी गुन्हा केलेला नाही, ते आपापल्या परीने तपासत होते. पण 'खुणा नाहीत' आणि 'रिपोर्ट नॉर्मल आहे' या दोन वाक्यांचे नाते माझ्या नजरेआड होत नाही. दोन्हींत बाईच्या शरीराला साक्षीला बोलावतात आणि बाईच्या तोंडाला नाही. खूण सापडली तर बाई खरी. नाही सापडली तर बाई खोटी, नाहीतर वेडी.

दुसऱ्याकडे बोट दाखवणे सोपे आहे, म्हणून आता स्वतःची गोष्ट सांगते. मी गेली बारा वर्षे एका कुटुंब सल्ला केंद्रात काम करते. आजाराला नाव मिळाल्यानंतर मी केंद्राच्या जुन्या नोंदवह्या काढून बसले. मला एक बाई आठवत होती. घरकाम करणारी, नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन आलेली. तिने सांगितले होते, "ताई, उभी राहिले की फरशी खालून सरकते." मला ते वाक्य आठवते, कारण तिने दोन्ही हातांनी टेबल धरून ठेवले होते. नोंदवहीत माझ्या अक्षरात लिहिले आहे: 'तीव्र मानसिक ताण. समुपदेशनाची गरज.' फरशीचा उल्लेखही नाही. तिला काय झाले होते, मला सांगता येणार नाही. डोक्याला मार बसला असेल, कानाचे काही असेल, रक्त कमी असेल, ताणही असेल. मी विचारले नाही, एवढे खरे. नंतर त्या पत्त्यावर जाऊन आले. खोली दुसऱ्या कुणाकडे आहे. जे वाक्य मला डॉक्टरांनी ऐकवले म्हणून मी दुखावले, तेच मी तिच्या कागदावर लिहिले होते, आणि तेही तिच्या बाजूने आहे असे समजून.

आपल्यातल्या काही मैत्रिणी म्हणतील, आणि एका बैठकीत म्हणाल्याही, की हे मध्यमवर्गीय आजार आहेत. बोटीने फिरायला जाणार कोण, एम.आर.आय. काढणार कोण? आक्षेप रास्त आहे. मला आठ महिन्यांनी का होईना नाव मिळाले, कारण तपासण्यांना पैसे होते, रजा होती, इंग्रजी वाचता येत होते. ज्या बाईचा खाडा झाला की मजुरी जाते, तिला नाव मिळणार नाही. ती डुलतच भांडी घासेल आणि कप फुटला तर बोलणी खाईल. पण म्हणूनच हा प्रश्न आपला आहे. ज्या आजाराचे निदान केवळ ऐकण्यावर अवलंबून आहे, तो आजार ज्यांचे कुणी ऐकत नाही त्यांच्यात कधी दिसणारच नाही. दिसत नाही याचा अर्थ नाही असा धरायचा का, हे आपण गडचिरोलीवरून शिकायला हवे होते.

दुसरा आक्षेप मी स्वतःच घेते. 'मला मानसिक काही नाही, माझा आजार खरा आहे' असे म्हणताना आपण मानसिक आजाराला खोटे ठरवतो. तसे होता कामा नये. दीड वर्ष जमीन हलत राहिली तर कुणाचेही मन हलेल. मला रात्री झोप लागत नसे, घराबाहेर पडायची भीती वाटे, कशातच जीव रमेना. त्यासाठी मी उपचार घेतले आणि त्यांचा उपयोग झाला. तक्रार 'मन' या शब्दाबद्दल नाही. शोध थांबवण्यासाठी त्या शब्दाचा वापर करतात, त्याबद्दल आहे.

उपचारांचे सांगायचे तर हमखास औषध नाही. गाडी लागू नये म्हणून घेतात त्या गोळ्यांचा या दुखण्यात सहसा उपयोग होत नाही. मन आणि स्नायू सैल करणाऱ्या काही गोळ्यांनी काहींना आराम पडतो, पण त्यांची सवय लागते, म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या आणि मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. नैराश्यावरची आणि अर्धशिशीवरची काही औषधेही वापरतात. २०१४ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इथल्या संशोधकांनी एक वेगळा उपाय प्रसिद्ध केला. रोग्याभोवती उभ्या पट्ट्यांचा देखावा हळूहळू फिरवायचा आणि त्याच वेळी रोग्याचे डोके ठरावीक लयीत डावी-उजवीकडे झुकवायचे, म्हणजे मेंदूला जुनी लय विसरायला शिकवायची. २४ पैकी सुमारे ७० टक्के रोग्यांना चांगला गुण आला. मात्र परतीच्या प्रवासाने काहींचे दुखणे उलटले, हेही त्यातून कळले. मेंदू शिकलेला असतो, तेव्हा तो पुन्हा वेगळे शिकूही शकतो, एवढी आशा त्यात नक्की आहे. माझ्यापुरते म्हणायचे तर डुलणे पूर्वीच्या निम्म्यावर आले आहे. फार थकले की बेस्टच्या बसमध्ये चढते आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत बसून राहते. तेवढा वेळ जमीन थांबते.

एक सावधगिरी. बायकांना येणारी प्रत्येक भोवळ हा आजार नव्हे, तो क्वचितच आढळतो. कुशीवर वळताना किंवा मान वर करताना काही क्षण गरगरत असेल तर ते बहुधा कानातल्या बारीक कणांमुळे असते आणि डोके विशिष्ट पद्धतीने वळवून डॉक्टर ते बरे करू शकतात. भोवळीबरोबर बोलणे जड झाले, चेहरा वाकडा झाला, हातापायातली शक्ती गेली, एकाचे दोन दिसू लागले किंवा अचानक ऐकू येईनासे झाले, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठायचे. तपासण्या लागतातच. मला तपासण्या नको होत्या असे मी म्हणत नाही. तपासण्या संपल्यावर ऐकणेही संपावे, हे मला मान्य नाही.

मग आपण करायचे काय? आपल्याच कामातून तीन गोष्टी सुचतात. आपण मारहाण झालेल्या बाईला पोलीस चौकीत एकटी पाठवत नाही, कुणीतरी बरोबर जाते. तिथे काय ऐकून घ्यावे लागेल हे आपल्याला माहीत असते म्हणून. मग दवाखान्यात तिला एकटी का पाठवतो? निदान नवऱ्याच्या किंवा सासूच्या तोंडून तिची तक्रार मांडली जाणार नाही, एवढी सोबत आपल्याला देता येईल. दुसरे, फिर्याद बाईच्याच शब्दांत लिहून घ्या, असा आग्रह आपण पोलिसांकडे धरतो. तोच नियम केसपेपरला का नको? आणि आपल्या नोंदवह्यांना का नको? 'फरशी खालून सरकते' असे ती म्हणाली तर तसेच लिहायचे. 'ताण' हा आपला अर्थ झाला, तो हवा तर वेगळ्या रकान्यात लिहावा. तिसरे, चार साधे प्रश्न विचारायची सवय लावू: कधीपासून? त्याआधी काय झाले होते, कुठे गेली होतीस, पडली होतीस का, कुणी मारले होते का? कशाने वाढते? कशाने थांबते? या शेवटच्या प्रश्नाने मला आठ महिन्यांच्या अंधारातून बाहेर काढले. त्याला यंत्र लागले नाही, पैसे लागले नाहीत. समोरच्या मुलीने मान दाबता दाबता तो विचारला.

आमच्या केंद्राच्या नोंदवहीत आता एक नवा रकाना आखला आहे, 'तिचे शब्द'. पहिल्या महिन्यात तो बहुतेक कोराच राहिला. आम्हालाच सवय नव्हती. आता भरू लागला आहे. 'पोटात दगड ठेवल्यासारखे', 'डोक्यात मुंग्यांची रांग', 'रात्री छातीवर कुणी बसते'. यांतले कशाचे निदान होईल आणि कशाचे नाही, ते डॉक्टर बघतील. पण यापुढे आमच्या दारातून जाणारी बाई डॉक्टरकडे पोहोचण्याआधीच आमच्या शब्दांत बदललेली नसेल. तुमच्या गटांत अशी नोंद ठेवत असाल, किंवा ठेवून पाहणार असाल, तर या अंकाच्या पत्त्यावर जरूर कळवा. बायका काय म्हणतात, हे आपण एकदा एकत्र मांडून बघू.